आंब्यापर्यंत आलेला आवाज

“काका, तुमाले कोणत्या आवाजाचं भेव लागते?”

समोर येईल त्याला ती हा प्रश्न विचारायची. विचारताना गळ्यातला हेडफोन एका कानावर चढवायची आणि मोबाइल पुढे धरायची, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा. तुमच्याही गल्लीत अशी एखादी मुलगी असेल, जिला पाहून लोक आधी हसतात आणि घरी गेल्यावर विचारात पडतात. ही आमच्या शेजारची. शेलूबाजारजवळ आमचं गाव. तिच्या आणि माझ्या घरामध्ये कंपाउंडची एकच भिंत. पुण्याच्या कॉलेजात ती संगीतनिर्मिती आणि ध्वनितंत्र शिकत होती. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायला सोयाबीन पिवळं पडायच्या सुमारास ती घरी आली, तेव्हापासून हा प्रश्न सुरू झाला.

लोकांनी उत्तरंही दिली. किराणा दुकानवाले जैन शेठ म्हणाले, “फ्रीज गुरगुरत असते तोवर ठीक. तो चुप झाला का माझा जीव जाते.” माझी बायको म्हणाली, कुकरची शिट्टी अर्ध्यात अडकून नुसती फुसफुसते, तो आवाज. निवृत्त गुरुजींनी आजूबाजूला पाहून हळूच सांगितलं, “बायको नाव घेऊन हाक मारते ना, तो.” ती हसली नाही. तिने त्यांना ती हाक कशी असते ते म्हणून दाखवायला लावलं.

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, “मले नाई लागत कायचंच.”

“बरं. आठवलं तं सांगजा.”

आठवायची गरज नव्हती. तो आवाज तिच्याच फोनचा होता. तो का, हे कळायला आधी तिच्या वडिलांबद्दल सांगितलं पाहिजे.

आमच्या भागात सोयाबीन भरलं की रानडुकरं येतात. एका कळपाने रात्रीतून वावराचा कोपरा सपाट होतो, म्हणून माणसं दिवस मावळताच रात्रभर राखण करायला, जागलीला जातात. ती सातवीत असताना एका संध्याकाळी तिच्या वडिलांना डुकराने मांडीत सुळा मारला. ती डबा घेऊन येत होती, पण अजून अलीकडच्या आंब्याजवळ होती. तेव्हापासून त्यांचा पाय ओढतो आणि तेव्हापासून ती हकिगत ओट्यावर रंगते.

“मी चूं नाई केलं, भाऊ. सरळ लाथ हाणली डुकराले. पोरीनं बरं झालं काई पाह्यलं नाई, काई ऐकलं नाई.”

मी धर्मकाट्यावर काम करतो, वजनाच्या बाबतीत मला फसवणं सोपं नाही. पहिल्या वर्षी ते डुक्कर पन्नास किलोचं होतं. ती दहावीला गेली तेव्हा क्विंटलभर झालं, आणि ती पुण्याला गेली तोवर दीड क्विंटलच्या पुढे. मी एकदा विचारलं, “हे डुक्कर वाढून काहून राह्यलं?”

“माह्याच वावरात चरते ना, भाऊ.”

तो ओढता पाय घेऊन ते दरवर्षी जागलीला जात राहिले. मुलगी पुण्याला गेली आणि रोज दिवस मावळला की त्यांना फोन करू लागली. त्यांनी उचलला नाही की लगेच माझा वाजायचा. “काका, बाबा फोन उचलून नाई राह्यले. पाहून येता का?” मी टॉर्च घेऊन निघायचो. वावरापर्यंतच्या वाटेवर मी काय काय डोळ्यांपुढे आणलं ते इथे लिहीत नाही. दरवेळी ते माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसलेले सापडायचे, फोन सायलेंटवर. “पोट्टी लय भेकड आहे,” म्हणायचे, आणि मला खाली उभं करून डुकराची गोष्ट पुन्हा सांगायचे.

तिच्या प्रकल्पामागे हेच होतं. डुकरांना पळवायला लोक वावरात भोंगे लावतात, त्यात कुत्र्यांचं भुंकणं नाहीतर डबा बडवल्याचा आवाज भरलेला असतो. “चार दिवसांत डुकराचं पाठ होते, काका,” ती म्हणाली. “तोच कुत्रा, तेवढाच वेळ भुंकते. ते भोंग्याखाली येऊन झोपतेत.” तिला असा आवाज हवा होता जो कधीच दुसऱ्यांदा तसाच येणार नाही. तो टेप करून चालणार नव्हता, घडवावा लागणार होता. त्यासाठी तिने सिंथेसायझर आणला होता. मला वाटलं पेटीसारखं काही असेल, पण त्यावर पट्ट्या कमी आणि फिरवायच्या खुंट्या जास्त. “यातून कोरा आवाज काढायचा अन मंग नको ते कापत जायचं,” असं तिने मला समजावलं. उरलेलं वेळोवेळी आपोआप बदलेल, अशी सोयही तिने त्यात बसवली होती.

“याचं काम झालं का बाबा घरी झोपतीन. आज ना उद्या दुसरं डुक्कर येईनच, काका. त्या पायानं ते पळू नाई शकत.”

हे ती इतकं साधेपणाने म्हणाली की मला पाणी प्यावंसं वाटलं.

मग भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. सुरुवातीला पत्रा ओढल्यासारखे, त्यांचं काही वाटलं नाही. पण दिवसेंदिवस ती काहीतरी कापत गेली आणि आवाज जिवंत होत गेला. तो खालून वर चढायचा आणि जिथे संपायला पाहिजे त्याच्या अलीकडेच तुटायचा. पुढचं आपल्याच मनात पुरं व्हायचं. गल्लीतला कुत्रा बैलगाडीखाली जाऊन बसला. माझी बायको एका संध्याकाळी हातातली कणीक तशीच घेऊन भिंतीशी गेली. “पोरी, काय कापून राह्यली व तू तिथं?”

“झालंच, काकू.”

मी तिला विचारलं, “तू समद्यायले विचारते. तुले सोताले कायचं भेव लागते?”

तिने हेडफोन दोन्ही कानांवर चढवला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

चाचणीच्या दिवशी मला वावरात बोलावलं होतं. दिवस नुकताच मावळला होता. तिने काठीवर भोंगा बांधला, खाली बॅटरी आणि आवाज भरलेला छोटा डबा ठेवला. वडील धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून तिची थट्टा करत होते. “लाव, लाव. पाहू तं डुक्कर पयते का तुहे काका.”

तिने बटण दाबलं.

भिंतीतून ऐकणं वेगळं होतं. उघड्या वावरात तो आवाज जमिनीलगत गेला, वर चढला आणि तुटला. माझ्या हातावर काटा आला. थोड्या वेळाने पुन्हा आला, आधीसारखाच नाही, पण त्याच गळ्यातला. हो, गळ्यातला. तो जनावराचा नव्हता हे मला तेव्हा कळलं.

मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते धुऱ्यावर खाली बसले होते. हात मांडीवर होता, जिथे वण आहे तिथे.

“बंद कर,” ते म्हणाले.

तिने बंद केलं.

“कुठून आणला हा?”

“आठवून केला.”

“तू तं आंब्यापाशी होती.”

“हो, बाबा. आंब्यापर्यंत आलता.”

सोयाबीनच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या, आणि मला त्या खुळखुळण्याचीही भीती वाटत होती. मग ती म्हणाली, “मले रोज ऐकू येते तो. दिवस बुडाला का येते. म्हून फोन करते मी. तुमी उचलला का बंद होते.”

त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. ते उठताना तिच्या खांद्यावर भार देऊन उठले, एवढंच. एरवी ते कोणाचा आधार घेत नसत. चार पावलं गेल्यावर म्हणाले, “चाल. लावून ठेव ते. मी नाई येत उद्यापासून.”

त्या हंगामात त्या वावरात डुकरं फिरकली नाहीत. आवाजामुळेच, असं मी खात्रीने म्हणणार नाही, कळपाने वाट बदलली असेल. पीक उभं राहिलं आणि सोयाबीन माझ्या काट्यावर तोललं गेलं, एवढं मी पाहिलं. सोंगणीला, म्हणजे कापणीला, आलेल्या बायकांनी मात्र दिवस कलायच्या आत घरी सोडायचं कबूल करून घेतलं.

ती आता मुंबईत आहे, सिनेमांना आवाज लावून देते. संध्याकाळी तिचा फोन येत नाही. सणावारी आली की विचारते, “काका, आठवलं का?” मी अजून नाहीच म्हणतो.

तिचे वडील ओट्यावर तीच हकिगत सांगतात. परवा एका पाहुण्याला सांगत होते, “डुक्कर काई मोठं नव्हतं. असन पन्नासेक किलोचं. पण मी लय वरडलो, बापा. आंब्यापर्यंत गेलता माहा आवाज.”

सोयाबीन भरलं की वावरातला भोंगा दिवस मावळताना सुरू होतो. तो आवाज डब्यातून येतो हे मला माहीत आहे. तो घडवला जाताना मी भिंतीच्या अलीकडे होतो. तरी तो वर चढून तुटला की हातातलं काम ठेवून मी कंपाउंडशी जातो आणि पलीकडे पाहतो.

“आहो, भाऊ,” ते बाजेवरूनच म्हणतात. “घरीच आहो.”

मग मी आत येतो आणि खिडकी लावून घेतो.