आबांचा अंगठा
स्पिरिटचा वास आला की दवाखान्यातला तो दिवस आठवतो. मेंढ्या कातरून आबांच्या अंगठ्याचा सांधा झिजला, म्हणून डॉक्टरांनी तिथं कृत्रिम सांधा बसवला होता. काही महिन्यांत अंगठा सुजून लाल झाला, तरी आबा तो उपरण्याखाली लपवत राहिले. शेवटी मीच त्यांना आमच्या डिंगोरे गावाहून दवाखान्यात ओढत नेलं. "शरीरानं सांधा स्वीकारला नाही, काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "मंग कातर धरता येईल का न्हाई?" आबांनी विचारलं. सांधा काढला, जखम भरली, तेव्हा पकड बघायला डॉक्टरांनी आबांच्या चिमटीत कागद देऊन दुसरं टोक ओढलं. कागद फाटला, पण चिमूट सुटली नाही. तरी अंगठा परत सुजेल या धास्तीनं कातर आबांनी पुन्हा धरली नाही. आता मेंढ्या मी कातरतो, आणि संध्याकाळी नकळत माझाच अंगठा चाचपून बघतो.