गाढीकाठचा भराव

नदी माणसाची आई असते, हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्यायला मी कधीच तयार झाले नाही. मराठवाड्यात गोदावरीकाठच्या आमच्या गावात घाट वरच्या अंगाला होता आणि आमची वस्ती खालच्या. वर लोकांच्या आंघोळी व्हायच्या, गुरं धुतली जायची, निर्माल्य सुटायचं. मग ते पाणी आमच्यापाशी यायचं आणि आई त्यात हंडा बुडवायची. पूर यायचा तोही आधी आमच्या घरात. देवळाच्या पायरीला पाणी लागलं की गाव नदीची ओटी भरायला निघायचं. तोवर आमची भांडी वाहून गेलेली असायची.

बी.एड. करून मी पनवेलजवळच्या एका शाळेत लागले, ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. शाळा गाढी नदीच्या काठावर, जुन्या गावात. गावापलीकडे, खाडीच्या बाजूला, नव्या शहराची वसाहत उभी राहत होती. बसवर ‘न्यू बॉम्बे’ लिहिलेलं असायचं आणि गावातली माणसं ते वाचून थुंकायची. त्यांची भातखाचरं त्या नावाखाली गेली होती. वसाहतीतले लोक गावाला ‘ते लोक’ म्हणत, गाव त्यांना ‘उपरे’ म्हणे. दोघांची मुलं माझ्या वर्गात मधली बाकं रिकामी सोडून बसायची.

मी राहायला वसाहतीत होते, बैठ्या घरांच्या पहिल्या ओळीत. घर एका ठेकेदाराकडच्या इंजिनिअरचं, मागची खोली माझी. त्याच्या बायकोने मला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पुन्हा आडनाव. “गणपतीत पुढच्या दाराने येऊ नका हं, आमच्याकडे सोवळं असतं,” असं सांगून चावी दिली. मी चावी घेतली, कारण दुसरीकडे तीही मिळाली नव्हती.

गावाकडून वसाहतीकडे जाणारा रस्ता तयार होत होता. त्यासाठी त्याच ठेकेदाराने मुरूम-दगडांचा पुरुषभर उंच भराव टाकला होता. गाढी भरली की तिचं जास्तीचं पाणी गावाच्या कडेने खाडीत उतरायचं. ती वाट या भरावाने बुजली. गावातले म्हातारे ठेकेदाराकडे जाऊन आले. पाणी जायला रस्त्याखाली मोऱ्या ठेवा म्हणाले. मोऱ्या नकाशात नाहीत, असं उत्तर मिळालं.

जूनमध्ये सहावीच्या वर्गात मी नाईल नदीचा धडा घेतला. इंजिनिअरची मुलगी उभी राहून खणखणीत आवाजात वाचत होती. नदीला दरवर्षी पूर येई, गाळाने जमीन सुपीक होई, लोक आनंदाने उत्सव करत.

गावाच्या बाजूने एक मुलगी फिसकन हसली. “बाई, हे खोटं हाय. पूर आला का आमी माल्यावर चढून बसतो. उत्सव कोन करनार?”

“बाबा म्हणतात, तुम्ही नदीच्या पोटातच घरं बांधलीत,” इंजिनिअरची मुलगी म्हणाली.

“आमी आदीपासून हाव. नदीच्या पोटात तुझ्या बापाचा भराव हाय.”

मग वेण्या ओढल्या गेल्या, वही फाटली. दोघींना बाजूला करून मी पुस्तक मिटलं आणि ग्रंथालयात वाचलं होतं ते सांगितलं. युफ्रेटिस-टायग्रिसच्या खोऱ्यात एका कालव्याच्या पाण्यावरून आणि त्याच्या काठच्या शेतावरून दोन शहरं पिढ्यान्‌पिढ्या लढली. नदीने धान्य दिलं, धान्याची कोठारं झाली, कोठारावर पहारा बसला आणि पहारा बसवणारा राजा झाला. पाणी कुठे सोडायचं आणि कुठे अडवायचं, हे मग तो ठरवू लागला. सिंधूकाठच्या शहरांनी मात्र हजारो वर्षांपूर्वी विटांची झाकलेली गटारं बांधली, कारण पाण्याला वाट ठेवावी लागते हे त्यांना कळत होतं.

“आनि आमच्या भरावाला मोरी नाय,” ती गावची मुलगी म्हणाली. मी तिला गप्प केलं नाही.

संध्याकाळी इंजिनिअर माझ्या दारात आला. “बाई, तुम्ही इतिहास शिकवता की राजकारण?”

“तुमच्या मुलीने विचारलं तर तिलाही हेच सांगेन.”

“माझ्या घरात राहून?”

“भाडं देऊन राहते.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “पुस्तकात आहे तेवढंच शिकवा. तुम्हाला सगळीकडे अन्यायच दिसतो.” ‘तुम्हाला’ या शब्दावर त्यांनी जो जोर दिला, तो मला नवा नव्हता.

ऑगस्टमध्ये भरतीच्या वेळेलाच मुसळधार पाऊस लागला आणि गाढी फुगली. सकाळी शाळेत पोहोचले तर गावातल्या बायका पोरांना आणि कोंबड्यांना घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर येत होत्या. खाली गल्ल्यांमधून कमरेएवढं पाणी होतं. ओहोटी लागली तरी ते उतरेना. भरावाला टेकून तसंच उभं होतं आणि पलीकडे वसाहत कोरडी होती.

दुपारी गावातले पुरुष फावडी-पहारी घेऊन भरावावर गेले. समोरून वसाहतीतले लोक काठ्या घेऊन आले. पुढे इंजिनिअर होता. मी शाळेतून तिथे गेले, कारण माझी खोली पलीकडे होती आणि जायला तोच रस्ता होता.

“हात लावाल तर पोलिसात देईन,” इंजिनिअर ओरडत होता. “ही सरकारी जागा आहे!”

“माझी म्हातारी माल्यावर अडकली हाय,” वर्गात भांडलेल्या त्या गावच्या मुलीचा बाप म्हणाला. “तू जा, तिला आन. मग देस पोलिसात.”

तो मग माझ्याकडे वळला. “बाई, तुमी बाजूला व्हा. तुमी बी तिकडच्याच.”

मी बाजूला झाले आणि इंजिनिअरला म्हणाले, “तुम्हीही व्हा. म्हातारी बुडेल.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की काठी आधी माझ्यावरच पडणार असं वाटलं. मग पहार चालली. दोन-तीन काठ्या पडल्या, एकाचं डोकं फुटलं. तोवर मुरूम सुटला होता. पाण्याने फट मोठी केली आणि ते लोंढ्याने पलीकडे गेलं, बैठ्या घरांच्या पहिल्या ओळीत.

गावातली म्हातारी वाचली. माझी खोली बुडाली. ट्रंकेतल्या साड्या, सगळी पुस्तकं, आईचा एकुलता एक फोटो, सगळ्याचा चिखल झाला. मी बादलीने तो उपसत असताना इंजिनिअरची बायको ओल्या गाद्या ओढत बाहेर आली.

“तुमच्यासारख्यांना खोली द्यायलाच नको होती.”

“माझ्यासारख्या म्हणजे कोण?”

ती पुढची गादी ओढायला आत वळली. मी हातातली बादली तिच्या अंगणात उपडी केली, पुढच्या दारासमोर. चिखल पायरीपर्यंत गेला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पोलीस आले. भराव कोणी फोडला, त्यांची नावं त्यांनी मला विचारली. मुख्याध्यापक शेजारी उभे राहून मान हलवून ‘सांगा, सांगा’ खुणावत होते.

“पाऊस होता. तोंडं दिसली नाहीत,” मी म्हणाले.

तोंडं मला स्वच्छ दिसली होती. ते गावाला कळलं असणारच, पण गावातून कोणी माझ्या दारी आलं नाही. मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत वसाहतीतली बाईच राहिले. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेने मला ‘गरज नाही’ असं सांगितलं. वर्गात निरोपाला गेले तेव्हा मुलं नेहमीसारखी दोन बाजूंना बसली होती आणि एकही उभं राहिलं नाही.

मला पुढे उरणला नोकरी मिळाली. तिथल्या एका सहकाऱ्याकडून कळलं की भराव पुन्हा घातला, पण या वेळी खाली मोठे सिमेंटचे पाइप टाकून. गावाने त्या जागी नारळ फोडला, वसाहतीनेही वेगळा फोडला. दोघेही म्हणत होते, पाइप आमच्यामुळे आले. सहकारी हसून सांगत होता. मी हसले नाही. टेबलावर सहावीचं पुस्तक होतं, ते उचललं आणि तासाला गेले.