पाचव्या दारचा जोगवा

माझी सरू सात वर्षांची झाली तरी माझ्या कडेवरच होती. जन्मली तेव्हाच तिच्या पाठीच्या तळाशी लिंबाएवढी गाठ होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात असतानाच कणा नीट जुळला नाही, म्हणून पाय लुळे आणि लघवीवर ताबा नाही. हे बरं होणार नाही, पण पोर हुशार आहे, शाळेत घाला. मी मात्र तुळजाभवानीपुढं हट्ट धरून बसले होते. आधी पाय दे, मगच हिच्या हातात पाटी देईन, असं तिला बजावलं होतं. माझा स्वभावच तसा, देवीशीसुद्धा भांडायचा. दर मंगळवारी सरूला घेऊन जळकोटात पाच घरी जोगवा मागायचे आणि घरी येऊन रडायचे. देवी ऐकते तरी का, अशी शंका एकदा मनात आली, आणि त्याच आठवड्यात हे घडलं.

त्या मंगळवारी चार घरं झाली होती. पाचव्या घराला कुलूप, म्हणून शेजारच्या दारात हाक दिली, "अंबाबाईचा जोगवा वाढा माय!" दार उघडलं ते एका दाढीवाल्या म्हाताऱ्यानं. बैलगाड्या बांधणारे हे मुसलमान सुतार तिथं नव्यानंच राहायला आले होते, हे मला ठाऊक नव्हतं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अॅक्शनला फार वर्षं झाली नव्हती, गावातली मनं अजून अवघडलेली होती. पण एकदा हाक दिली की त्या दारातून रिकाम्या परडीनं फिरायचं नसतं. मी तशीच उभी राहिले. त्यांनाही काय करावं कळेना. मग ते आत गेले, हात धुऊन आले आणि परडीत ओंजळभर ज्वारी घातली.

"एवढी मोठी लेक कडेवर? बीमार हाय का?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, तेही रागारागानं. त्यांनी सरूपुढं आपली दोन बोटं धरली. "दाब बेटी, जोर लावून." सरूनं अशी दाबली की चाचा हसतच ओरडले, "या अल्ला! हातात लई ताकद हाय की! बाई, हिला पांगुळगाडा पायजे."

"चाचा, तो वर्षाच्या पोराला असतो."

"मग म्या सात वर्षांच्या पोरीचा करतो."

आठ दिवसांत त्यांनी बाभळीचा गाडा केला, सरूच्या छातीपर्यंत उंच. पाय ताठ राहावेत म्हणून लाकडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टेही केले. तीन महिने त्यांच्या अंगणात सरू पडली, उठली, हनुवटी फोडून घेतली. पायाला लागलेलं तिला कळायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी तिचे तळवे बघायचे.

शाळा सुरू झाली त्या दिवशी गाडा खडखडत निघाला तशा बायका जात्यावरून उठून दारात आल्या. शाळेच्या उंबऱ्यात मास्तर उभे होते. गाड्याचा सराव चालू असताना मी नाव घालायला गेले होते, तेव्हा कडेवरची पोर दिवसभर कोण सांभाळणार, कपडे ओले झाले तर काय, असं म्हणत त्यांनीच मला परत पाठवलं होतं. "दर तासाला येऊन मी हिला बाहेर नेईन, गुरुजी," मी म्हणाले. मास्तरांनी गाड्याकडं पाहिलं, घामेजलेल्या सरूकडं पाहिलं. "या. पण मधेच खिडकीतून डोकवायचं न्हाय," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं गाडा उंबऱ्याच्या आत घेतला.

पुढं सरू सातवीची फायनल पहिल्या वर्गात पास झाली. पण माझ्यासाठी देवीचा प्रसाद तो पहिलाच दिवस. इतकी वर्षं मी तिला नुसतं मागत नव्हते, कसं द्यायचं तेही शिकवत होते. त्या दिवशी ते शिकवणं सुटलं. शाळेच्या भिंतीला टेकून मी तुळजापूरच्या दिशेला हात जोडले, तर मागायला काही सुचेचना. आत हजेरी चालली होती. सरूचं नाव आलं आणि माझी लेक इतक्या मोठ्यानं "हजर!" म्हणाली, की सगळा वर्ग हसला. बाहेर मीही हसले, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही राहून गेलं.