बोगद्याच्या तोंडाशी टोपी

माझा मोठा भाऊ बोर्तोलो. रोपवेच्या खालच्या स्टेशनापाशी त्याचं लाकडी दुकान होतं, तिथं बोगदे बघायला येणाऱ्यांना तो सामान भाड्यानं द्यायचा. आमच्या डोंगराच्या पोटात पहिल्या महायुद्धातले बोगदे आहेत, इकडच्या सैनिकांनी खणलेले आणि तिकडच्यांनीही. लढाई संपल्यावर आमच्या आज्यानं त्यातलंच लोखंड आणि पितळ काढून विकलं, त्यावर आमचा बाप वाढला. त्यामुळं बोर्तोलोला बोगदा म्हणजे घरामागचा गोठाच.

स्वभाव खडूस. सामान घेतल्याशिवाय कुणाला वर सोडायचा नाही. एकदा मी त्याला डबा द्यायला गेले तर एक मिलानोचा माणूस सँडल घालून उभा, सोबत बायको.

"काय साहेब, समुद्रावर निघालात? समुद्र खाली राहिला," बोर्तोलो म्हणाला.

"आम्ही नुसते फोटो काढून येतो हो."

"मग बाहेरच काढा. आत जायचं तर डोक्यावर हेल्मेट, त्याच्यावर दिवा, खिशात अजून एक दिवा. आणि त्याचे सेल नवे, घरातल्या रिमोटमधले नाहीत."

"मोबाईलला टॉर्च आहे की."

"मोबाईल हातात धरलात तर पायरीवर बर्फ लागल्यावर कशाला धरणार? बायकोला?"

"मला नको धरू रे बाबा, मी आधीच घसरतेय," बायको म्हणाली आणि तिघंही हसले. शेवटी दोघांनी बूट घेतले, हातमोजे घेतले. हातमोजे कशाला, तर कड्याला जी लोखंडी तार लावलीय तिचे धागे सुटतात, सुईसारखे घुसतात. जाड जाकीट ऑगस्टातसुद्धा, कारण आत तळघरासारखी थंडी. आणि जिथं बोगदा एकदम कड्यावर उघडतो तिथं कमरेचा पट्टा तारेला अडकवायचा. हे सगळं तो बडबडत बडबडत स्वतः लोकांच्या अंगावर चढवायचा, लहान पोरांना शाळेत पाठवतात तसं. शेवटी बोट उगारून सांगायचा, "लोखंडाचं लांबट काही पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही. तोफेचा गोळा असतो तो, अजून जिवंत."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. आत जाणाऱ्यानं आपली टोपी बोगद्याच्या तोंडाशी खिळ्याला अडकवायची. आज्याच्या वेळेपासून असंच. टोपी दिसली की माणूस आत आहे, बाहेर आला की टोपी डोक्यावर. पण घरात मात्र कुठल्या बोगद्यात चाललोय ते बोलायचं नाही. नाव घेतलं की डोंगर ऐकतो म्हणतात. "अळंबी बघून येतो," एवढंच म्हणायचं.

माझी भावजय इल्दा दुसऱ्या खोऱ्यातली, तिला हे कधी पटलं नाही.

"कुठली अळंबी ते तरी सांगशील?" ती विचारायची.

"चांगली," तो म्हणायचा, आणि दार ओढून घ्यायचा.

गेल्या शरदात, हंगाम संपत आलेला, चार-पाच दिवस सारखा पाऊस लागला. पाऊस उघडल्यावर तो आतल्या तारा बघायला गेला. गावानं त्याला ते काम दिलं होतं. सगळं घेऊन गेला, दोन दिवे, हेल्मेट, मोजे, जाकीट, पाणी, चॉकलेट. इल्दाला म्हणाला, अळंबी.

संध्याकाळ व्हायला लागली तसा इल्दाचा फोन आला. "नीवेस, तो अजून आला नाही गं. जवाचं सूप दोनदा गरम केलं."

मी पळत गेले. गीदोला सांगितलं. गीदो आमच्या शेजारचा, बचाव पथकाचा मुख्य, बोर्तोलोला काका म्हणायचा. तो माणसं घेऊन निघाला पण धुकं इतकं उतरलं की वरून परत यावं लागलं. उजाडल्या उजाडल्या पुन्हा गेले. आमचा डोंगर चीजसारखा, जिकडंतिकडं भोकं, प्रत्येकात शिरायचं म्हटलं तर आठवडा जाईल. म्हणून ते टोपी शोधत होते. प्रत्येक तोंडाशी जायचं, खिळा बघायचा, एक हाक मारायची, पुढं जायचं.

टोपी कुठंच नाही. मग गीदोला वाटलं की काका आत नाहीत, बाहेर आल्यावर कड्यावरून घसरले असतील. सगळी माणसं कड्याखालच्या घळीत उतरली, कुत्रंही आणलं. आम्ही दोघी रोपवेपाशी उभ्या. इल्दा सारखी म्हणत होती, "तो घसरणारा माणूस नाही. नीवेस, सांग ना त्यांना, तो घसरणारा नाही."

दुपारी वरच्या विश्रामघरातल्या बाईनं खाली फोन केला. "अगं, हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात एक करडी टोपी आहे, निळं पीस खोचलेली. काल एका जोडप्यानं आणून दिली. मला आत्ता दिसली, काल इथं माझ्याऐवजी माझी मुलगी होती."

बोर्तोलोचीच ती. जोडपं खिंडीतल्या तंबूत उतरलेलं होतं, म्हणून लगेच सापडलं. गीदो घळीतून आमच्यापाशी आला आणि त्या जोडप्यातल्या बाईला फोन लावला, आम्हाला ऐकू येईल असा.

"ताई, टोपी कुठून उचललीत?"

"कुणीतरी विसरलं असेल, वाऱ्यानं उडून जाईल, असं वाटलं म्हणून..."

"ते राहू द्या. कुठून?"

"तुटकी लाकडी शिडी आहे ना, तिच्या डाव्या हाताचं भोक. का हो, काय झालं?"

तो स्वैपाक्याचा बोगदा. सैनिकांचं जेवण तिथं शिजायचं म्हणून ते नाव. गीदोनं फोन ठेवला, त्याचा चेहरा बघून मला कळलं. सकाळी तो त्याच तोंडाशी उभा होता.

बोर्तोलो आत जिवंत सापडला. छताचा दगड निसटून मांड्यांवर आला होता, दोन्ही पाय अडकलेले. हेल्मेटला हा एवढा पोचा. जाकीट गळ्यापर्यंत बंद, दुसरा दिवा चालू. गीदोला बघून म्हणाला, "आलास? शेवटच्या सेलवर आलोय बघ मी."

मग म्हणाला, "सकाळी तुझा आवाज ऐकला. मी तारेवर दगड आपटत होतो. ऐकू नाही आलं?"

"नाही, काका."

"बाहेर वारा असेल," बोर्तोलो म्हणाला.

हे गीदोनंच मला सांगितलं, आमच्या स्वैपाकघरात बसून, मान खाली घालून.

हेलिकॉप्टरनं त्याला नेलं. पाय सोडवले पण चेंगरलेल्या मांसाचं विष रक्तात उतरलं, मूत्रपिंडं बंद पडली. दवाखान्यात तो दोन दिवस इल्दाचा हात धरून होता, तिसऱ्या दिवशी धरला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. इल्दानं विचारलं, "किती आधी?" ते म्हणाले, "सकाळी आणलं असतं, तर कदाचित."

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळे जेवायला बसले. ती टोपी उचलणारी बाई आणि तिचा नवराही आले होते, मागच्या बाकावर. कुणी त्यांच्याशी बोलेना. म्हातारे मुद्दाम मोठ्यानं बोलत होते.

"बाहेरच्यांना डोंगर कळत नाही," एक म्हणाला.

"खिळ्यावरची टोपी कुणी उचलतं का? आमच्यात तीन वर्षांच्या पोराला कळतं," दुसरा.

इल्दा उठली. तिला मी आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "टोपी टोपी काय लावलंय! मला एक शब्द सांगितला असता त्यानं. स्वैपाक्याच्या बोगद्यात चाललोय, एवढंच. गीदो रात्र संपायची वाट बघून सरळ तिथं गेला असता. नाव घेतलं नाही तरी ऐकलंच ना तुमच्या डोंगरानं!"

म्हातारे ताटात बघत होते. गीदो उठून बाहेर गेला.

मग इल्दा त्या बाईपाशी गेली, तिच्यापुढं मक्याच्या पिठाच्या पोलेंताचं ताट सरकवलं. "खा," म्हणाली. "तुम्ही वाईटासाठी नाही केलंत." बाई रडायला लागली. इल्दाही तिच्याशेजारी बसली, पण तिच्याकडं न बघता.

मी कॉफी वाढत होते. निघताना ती बाई माझ्यापाशी आली. "तुम्ही बहीण ना? मला काय बोलावं कळत नाही हो." तिनं हात पुढं केला.

इल्दा म्हणाली ते खरंच होतं, मलाही पटलं होतं. माझ्या हातात किटली होती. ती टेबलावर ठेवता आली असती. टेबल तिथंच होतं. मी म्हटलं, "जपून जा, रस्ता ओला आहे," आणि पुढच्या माणसाच्या कपात कॉफी ओतली.