‘फरक नाही’ म्हणजे काय

“मेनिस्कस टेअर,” डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडात धरून म्हणाले. म्हणजे गुडघ्यातली गादी फाटलेली. मार लागून नव्हे, वयानं झिजून.

आई चोपन्न वर्षांची. सोलापुरात ती घरून कडक भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते आणि सगळं काम खाली बसून करते. दोन महिने तिला मांडी घालता येत नव्हती. आधीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं होतं. तारीख ठरवण्याआधी एकदा या मोठ्या डॉक्टरांना विचारायला आलो.

“गुडघा मध्येच अडकून बसतो का? सरळच होत नाही, असं?”

“न्हाय. दुखतो मात्र लई.”

“मी कितीतरी वर्षं अशी ऑपरेशनं केली,” ते म्हणाले. “मग पुरावा तपासायला लागलो.”

त्यांनी कॉम्प्युटरवर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू उघडला, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचा पारखून घेतलेला आढावा. इथं प्रश्न होता, ऑपरेशन की नुसता व्यायाम. निष्कर्षाच्या आधी त्यांनी त्यात कोणते पेशंट होते ते वाचलं.

“आईंसारखेच आहेत. पण यात मांडी घालून बसणारं कुणी दिसत नाही. तेवढं मी खात्रीनं सांगू शकत नाही.”

एवढ्या अनुभवी डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

आईनं मला कोपर मारलं. “काय लिवलंय गं?”

स्क्रीनवर ‘नो सिग्निफिकंट डिफरन्स’ होतं. मी सांगितलं, “फरक नाही.”

बाहेर येताच आईनं डॉक्टरांनी दिलेला व्यायामाचा कागद पिशवीत कोंबला. “फरक पडायचाच न्हाय, तर व्यायाम कशाला? चल घरी.”

तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे फरक म्हणजे आराम. मी खूप समजावलं. “तू माझी समजूत काढतीस,” ती म्हणाली.

परत जाऊन दार वाजवणं माझ्या स्वभावात नाही. वाजवलं.

डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि आईशेजारी बाकावर बसले. “ताई, फरक दोन उपचारांत नाही. ऑपरेशन केलेले आणि नुसता व्यायाम केलेले, दोघांनाही आराम साधारण सारखाच. मग आधी व्यायाम करू. तीन महिन्यांत नाही जमलं, तर पुन्हा विचार करू.”

“असं व्हय! ही पोरगी इंग्लिश शाळेतली, काय पण सांगती.”

तीन महिने आईनं रोज व्यायाम केला. मी शेजारी बसून मोजत असे.

तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, “मग, फरक?”

“हाय की! थोडा वेळ मांडी बी घालते. लिवा तुमच्या त्या कॉम्प्युटरात.”

ते हसले. “एकट्या तुमच्यावरून तिथं नाही लिहिता येत, ताई.” आणि त्यांनी तिच्या केसपेपरवर सावकाश लिहिलं. मराठीत, तिला वाचता येईल असं: मांडी घालते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: त्या अभ्यासात आमच्यासारखं कुणी होतं का? मला ते विचारायचं सुचलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी ते स्वतःलाच विचारलं होतं.