बरणीतली नाटक कंपनी

आठ-नऊ वर्षांची असताना मी एका नाटक कंपनीची मालकीण होते. नट चार, चौघेही लाल, पाठीवर काळे ठिपके. वडिवळ्याला आमच्या घरामागे कुंपणावर पावट्याचे तीन वेल होते. तिथून हे किडे धरून मी काचेच्या बरणीत ठेवले आणि रोज गूळ घालू लागले. इतकी बडदास्त कुठल्या नटाची झाली असेल? तरी तिसऱ्या दिवशी दोघे पाय वर करून पडले. मी असा गळा काढला की आई चूल सोडून धावली. "कोन गेलं गं?"

उरलेल्या दोघांना मी वेलावर सोडलं. तर तिथे शत्रू! सुसरीच्या पिलांसारखे काळे, काटेरी किडे पानोपानी फिरत होते. हेच माझ्या नटांना खाणार! एकेकाला डब्यात भरलं आणि कोंबड्यांना हाक मारली.

डोंगरावरच्या वाडीतून आमच्याकडे भात झोडायला येणारी मावशी तिथेच पाणी पीत होती. डब्यात डोकावून तिने माझा हात धरला.

"आगं, ही त्यांचीच पोरं. मोठी झाली की लाल व्हत्यात."

"ही? इतकी घाणेरडी?"

"तू जल्मलीस तवा कशी दिसत व्हतीस, इचार आईला."

मग तिने वेलाचा शेंडा वाकवून दाखवला. त्यावर काळा, चिकट मावा दाटला होता. "गूळ न्हाई लागत ह्यास्नी. ह्यो लागतो."

नेमकी तेव्हाच आई घमेल्यात चुलीतली राख घेऊन आली. मावा दिसला की राख, हा तिचा ठरलेला उपाय. मी हात पसरून वेलापुढे उभी राहिले. "राख टाकलीस तर ही उपाशी मरतील!"

"आन् शेंगा गं? त्या कोन देनार?"

"एक येल सोड की," मावशी म्हणाली. "खात्यात ती मावा."

आईने डब्यात बराच वेळ पाहिलं. दोन वेलांवर राख टाकली. मग हात धुतले, भाताची काडी घेतली आणि एकेक पिल्लू तिच्यावर चढवून तिसऱ्या वेलाच्या पानावर उतरवलं. "सावकाश," ती म्हणाली. मला नव्हे, पिलांना.

दहा-बारा दिवसांनी त्याच वेलाच्या पानावर, फुटक्या कोशाशेजारी, एक नवा किडा दिसला. फिकट पिवळा, एकही ठिपका नाही! मी आईला ओढतच नेलं. "ह्याचं काहीतरी चुकलंय गं!"

ती वाकली, हसली आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसली.

"थांब वाईच. रंग लावून व्हायचाय त्याचा."