साडूंच्या हॉटेलातलं उरलंसुरलं

माझ्या साडूंसारखा मन लावून शिकणारा विद्यार्थी अख्ख्या नाशकात दुसरा नसेल, आणि त्यांच्या शिक्षणाची झळ माझ्याइतकी कुणाच्या पोटाला बसली नसेल. द्वारका चौकाजवळ त्यांचं छोटंसं हॉटेल आहे. खाली जेवण, वर राहायच्या खोल्या. साठी उलटल्यावर त्यांना कुठून सुचलं कोण जाणे, पण छोट्या हॉटेलांनी पर्यावरण कसं सांभाळावं याचा एक ऑनलाइन कोर्स त्यांनी लावला. मोबाइलवर मॅडम दिसल्या की साडू उठून नमस्कार करत. हे आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, असं मी सांगितलं तर म्हणाले, "असू दे हो, शिकवतात तर आहेत ना!" विजेचा धडा त्यांनी पंखा बंद करून, घाम पुसत पाहिला. पाण्याच्या धड्यानंतर तर ते न्हाणीघराचं दार वाजवून आतल्या पाहुण्याला विचारू लागले, "अर्धी बादली पुरेल ना?"

खरी पंचाईत अन्नाच्या धड्याने केली. वाया जाणारं अन्न रोज वजन करून कळवायचं आणि कोर्स संपेपर्यंत शून्यावर आणायचं. इकडे साडूंचा स्वभाव असा, की समोरचा नको म्हणाला की यांच्या हाताला जोर चढतो. विंचूरचा एक कांदा व्यापारी ताटावर आडवा हात धरून ओरडला होता, "शेठ, पोट हाय का पोतं? लय झालं!" तरी बोटांच्या फटीतून आमटी गेलीच. कोर्ससाठी त्यांनी जड मनाने आग्रह सोडला, पण स्वयंपाक जुन्याच मापाने होत राहिला आणि पातेल्यांत उरू लागलं. मग मला फोन आला. "साडूभाऊ, पर्यावरणाला तुमची गरज आहे. लगेच या."

बायको गेल्यापासून मी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये एकटाच असतो आणि रोज संध्याकाळी दूध-पोहे खाऊन, आपल्याला स्वयंपाक येतो अशी बढाई मारतो. त्यामुळे पृथ्वी वाचवायला मी धावतच गेलो. मी पातेली पुसायची, साडूंनी त्यांचे फोटो पाठवायचे, असं रोज चाललं. कचरा घटला, माझा पट्टा पुरेना. तरी मी चारचौघांत सांगत असे, सध्या पर्यावरणाचं काम करतोय.

हळूहळू साडू खरंच शिकले. जेवायला किती जण आहेत ते दुपारीच विचारून तेवढाच तांदूळ धुऊ लागले. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. अभिनंदन केलं खरं, पण मनातून फार वाईट वाटत होतं. आता मला बोलवायला काही कारणच राहिलं नव्हतं. "बरंय, येतो," म्हणून मी चपला घालू लागलो.

"येतो काय? जेवायला बसा."

"आता उरत नाही ना काही?"

"उरेल कसं? तुम्हाला धरूनच तांदूळ घेतो रोज," साडू म्हणाले. "तुम्ही आला नाहीत तर तुमच्या वाटचं वाया जाईल. मग मॅडमना काय तोंड दाखवू?"

मी हात धुऊन पानावर बसलो. पट्टा एक भोक सैल करून ताट पुढे ओढलं.